टँकवरचा लाइट घ्यायला निघण्याआधी

प्लांटेड टँकसाठी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टँकसाठी, लाइट घ्यायला जाताना खिशात एक चिठ्ठी ठेवा आणि तिच्या पहिल्या ओळीत झाडांची नावं लिहा. लाइटचा नंबर बराच नंतर लागतो. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन एवढ्यावर हौस भागणार असेल तर मंद उजेड पुरतो. वॅलिसनेरिया, अमेझॉन स्वॉर्ड, हिरवा रोटाला लावणार असाल तर मध्यम धरा. तळाला हिरवागार गालिचा किंवा लालभडक रोटाला मॅक्रँड्रा डोळ्यांसमोर असेल, तर आधी सीओटूच्या, म्हणजे पाण्यात सोडायच्या कार्बन डायऑक्साइड वायूच्या, सिलिंडरचा खर्च मांडा. तो जमत नसेल तर ती झाडं चिठ्ठीतून सरळ खोडा. भारी लाइट आणल्याने सीओटूची उणीव भरून निघत नाही. झाडांना न झेपलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं.

मग टेप घ्या. टँकची लांबी बाहेरून मोजा, काच ५, ६ की ८ मिलिमीटरची आहे ते पाहा, नाहीतर लाइटचे पाय काचेवर बसतच नाहीत. उंची मात्र पाण्याच्या पातळीपासून मातीच्या थरापर्यंतच धरा. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टँकमध्ये हिशेबाने ५६ लिटर पाणी बसतं, पण माती, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की हातात साधारण ४५ लिटर उरतं. चिठ्ठीवर हाच आकडा लिहा. लिटरला १० ते २० लुमेन (उजेडाचं माप) म्हणजे मंद, २० ते ४० म्हणजे मध्यम, त्यापुढे सीओटूशिवाय जाऊ नका. बऱ्यापैकी एलईडी वॅटला १०० लुमेनच्या आसपास देतो, म्हणजे ४५ लिटरला ९-१० वॅटमध्येच मध्यमचा उंबरठा येतो. ‘लिटरला अमुक वॅट’ हा हिशेब जुन्या ट्यूबलाइटच्या काळातला आहे. कुणी तो सांगू लागलं तर मान डोलवा आणि सोडून द्या.

लुमेन हे माणसाच्या डोळ्याला किती उजळ दिसतं त्याचं माप. झाडाला उपयोगी पडतो तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश, त्याला पार म्हणतात. पार मीटर महाग असतो आणि एका टँकसाठी तो घेणं मला तरी पटत नाही. त्याऐवजी मोबाइलवर लक्स, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते, मोजणारं ॲप टाका. रात्री खोलीतले दिवे बंद करा, पाणी न भरलेल्या कोरड्या टँकच्या तळाशी मोबाइल उताणा ठेवा आणि लाइट लावा. सेन्सर बहुतेक फोनमध्ये वरच्या कडेला, कानाला लावायच्या स्पीकरजवळ असतो, तिथे बोटाची सावली पडू देऊ नका. मधोमध आणि चारही कोपऱ्यांत आकडा घ्या. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की पारचा ढोबळ अंदाज येतो. २००० लक्स आले तर पार २८-२९ धरा. २० ते ३० मंदवाल्या झाडांना भरपूर, ५० पर्यंत मध्यम, त्यावर गालिचा आणि लाल झाडं. मध्ये ४० आणि कोपऱ्यात १५ असा फरक दिसला तर घाबरू नका, कोपऱ्यात अनुबियास बांधा. गुलाबी-निळ्या लाइटला मात्र हा भागाकार लागू नाही. तसाही तो लाइट दुकानात मासे लाल दिसावेत म्हणून असतो.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. खोक्यावर कूल डेलाइट, ६५०० केल्विन असं लिहिलेलं असलं की झालं. लाल झाडं खुलून दिसायला हवी असतील तर पांढऱ्यासोबत लाल, हिरवे, निळे एलईडी असलेला घ्या, पण खिसा बघून. बजेट अगदीच तोकडं असेल तर इलेक्ट्रिकल दुकानातला १० वॅटचा पांढरा फ्लडलाइटही चालतो. तो आयपी ६५ आहे ना, तेवढं बघा. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, पाण्यात पडलेला नाही.

टँक कुठे ठेवणार ते लाइटआधी पक्कं करा. नाशकात एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी येणारं ऊन टँकवर पडलं तर तुमचा सगळा हिशेब वाया जातो, पाणी तापतं ते वेगळंच. पाणी कुठलं, तेही लिहून ठेवा. नळाला गंगापूर धरणाचं येत असेल तर फारशी कटकट नाही. सोसायटीत बोअरचं असेल तर झाकणाच्या काचेवर क्षारांचे पांढरे डाग साचतात आणि उजेड अडतो. व्हिनेगरने पुसायचा फडका यादीत टाका.

टायमर घ्यायचाच, आठवण राहत नाही. स्वस्तातला फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो. वळवाच्या पावसात दोन तास लाइट गेली तर त्याचं घड्याळ दोन तास मागे पडतं आणि तुमचा टँक रात्री अकरापर्यंत उजळलेला राहतो. बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर घ्या. वायर सॉकेटकडे नेताना आधी सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब तिथेच गळून पडेल. घरात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा. पाण्यात हात घालून काम करायचं आहे. विजेच्या बिलाची काळजी नको, २० वॅटचा लाइट रोज आठ तास लावला तरी महिन्याला पाच युनिटच्या आतच.

खताच्या बाबतीत नाशिककरांची चंगळ आहे. द्राक्षबागेला देतात ते १३:००:४५ आणि ००:५२:३४, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि मोनो पोटॅशियम फॉस्फेट, हीच टँकलाही चालतात आणि कृषी सेवा केंद्रात मिळतात. १९:१९:१९ मात्र उचलू नका. त्यातला नत्र काही अंशी अमोनिया आणि युरियाच्या रूपात असतो, मासे मरतील.

लाइट अंधुक करायची सोय असेल तर उत्तमच. नसेल तर पाण्यावर थोडी तरंगती झाडं सोडा, फक्त आठवड्याला मूठभर उपसत राहा, नाहीतर गोदावरीतल्या पानवेलींसारखी ती खालचा उजेडच तोडतील.

पहिले दोन-तीन आठवडे टायमर सहा तासांवर ठेवा. या काळात काचेवर तपकिरी थर येईल, तो नव्या टँकला येतोच, पुसून टाका. हिरवे ठिपके किंवा केसांसारखं शेवाळ दिसलं नाही तर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठ तासांवर थांबा. दिसलं तर अर्धा तास कमी करा किंवा लाइट चार बोटं वर उचला. म्हणून घेतानाच वर-खाली होणारे पाय किंवा लटकवायची तार असलेलाच लाइट घ्या, आणि अडॅप्टरची वॉरंटी वेगळी आहे का ते बिलावर लिहून घ्या. बंद पडतो तो बहुतेक वेळा अडॅप्टरच.