प्रोग्रॅमिंगचं पुस्तक घेण्याआधी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं-मुली बारावी करून बीसीएला बेळगावात येतात आणि पहिल्याच महिन्यात विचारतात, "दादा, पुस्तक कुठलं घेऊ? लॅपटॉप कुठला बघू?" मीही खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतूनच आलो आणि आज प्रोग्रॅमिंगवर माझं घर चालतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझं मत ठाम आहे. ज्या पुस्तकातला कोड तुमच्या मशीनवर चालतो, तेच पुस्तक घ्या. लेखकाचं नाव आणि सीनियरची शिफारस नंतर.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं जुनं पुस्तक हातात आलं तर पहिला धडा उघडून बघा. 'प्रिंट'पुढे कंस नसेल तर ते पायथन 2 चं आहे, आणि त्या आवृत्तीचा आधार 1 जानेवारी 2020 ला बंद झालाय. आजच्या पायथन 3 मध्ये ती ओळ टाइप केली की थेट सिंटॅक्स एरर, म्हणजे भाषेच्या नियमांची चूक. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना लगेच वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं, आपल्याला हे जमणार नाही. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नसतेच. पैसे खर्चायचे नसतील तर ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' वेबवर मोफत वाचता येतं. वाक्यं छोटी, इंग्रजी सोपं.

सी या भाषेच्या बाबतीत मात्र नुसतं साल बघून चालत नाही. कर्निहन आणि रिची यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती 1988 ची आहे, तरी मी ती आजही घ्यायला सांगेन; 'मेन'च्या आधी 'इंट' लिहायची सवय तेवढी लावून घ्या. उलट टर्बो सी हा जुना कंपायलर (लिहिलेला कोड मशीनवर चालेल असा करून देणारा प्रोग्रॅम) धरून लिहिलेली गाईडं नवी कोरी असली तरी जुनीच. 'कोनिओ डॉट एच' आणि स्क्रीन पुसायचं ते 'सीएलआरएससीआर' लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या जीसीसी या कंपायलरला ठाऊकच नाही. लॅबमध्ये अजून टर्बो सीचा तो निळा स्क्रीन असेल तर प्रॅक्टिकलपुरतं तसं लिहा की, पण खोलीवर जीसीसीच वापरा.

लॅपटॉप सेकंडहँड चालतो. 8 जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क), या दोनवर तडजोड नको. ग्राफिक्स कार्डाच्या नादाला लागू नका. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनं मशीन स्वस्तात मिळालं तर लिनक्स मिंट टाका, शिकायला काही कमी पडत नाही.

आणि एक गोष्ट पुस्तकाची वाट न बघता स्वतः करून बघा. पायथन 3 मध्ये 'बेळगाव' या शब्दाची लांबी 'लेन'ने मोजा. आपण वाचताना बे, ळ, गा, व अशी चार अक्षरं धरतो. पायथन 6 सांगतो. कारण ब आणि त्याची मात्रा, ग आणि त्याचा काना हे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींची चिन्हं कॉम्प्युटरवर साठवायच्या पद्धतीत, वेगवेगळे धरले जातात. कन्नड मित्राला त्याच्या लिपीत 'बेळगावी' टाइप करून मोजायला सांगा, तिथेही काना-मात्रा वेगळ्याच निघतील. उद्या मराठी किंवा कन्नड नावांचा फॉर्म बनवायची वेळ आली तर हे पहिल्या दिवसापासून लागतं, आणि नवशिक्यांच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत ते सापडणार नाही.

जांबोटी-कणकुंबीकडच्यांनी पावसाळ्याआधी पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन डाउनलोड करून ठेवावं. ते मोफत आहे. वीज आणि रेंज दोन्ही गेली तरी बॅटरी असेपर्यंत अभ्यास चालू राहतो.