मंगळाचं आयनांबर: आधी एक्सेल, मग कोड

नौपाड्यात माझ्याकडे एम.एस्सी.ची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, ती कुठलातरी अवाढव्य कोड लॅपटॉपवर घेऊनच. मी तो बंद करायला लावते.

आयनांबर म्हणजे वातावरणाचा वरचा, सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेला थर. मंगळाचा दिवसाचा भाग घ्या, हिशेब सुटसुटीत आहे. अतिनील किरण इलेक्ट्रॉन सुटे करतात, ऑक्सिजन रेणूचे आयन ते परत गिळतात. वाऱ्याबिऱ्याचा विचार आत्ता नको.

एका रकान्यात १०० ते २०० किमी उंची भरा. शेजारी इलेक्ट्रॉनांच्या घनतेसाठी चॅपमनचं १९३१ चं सूत्र, सूर्य डोक्यावर धरून (एक्स्प म्हणजे e चा घात, एक्सेलमधलं EXP):

घनता = शिखरघनता × एक्स्प[०.५ × (१ − य − एक्स्प(−य))]

य म्हणजे शिखरापासूनची, म्हणजे घनता सर्वांत जास्त असते तिथपासूनची, उंची भागिले स्केल हाइट (जेवढं वर गेल्यावर हवा e पटीने, म्हणजे सुमारे २.७ पटीने, विरळ होते ते अंतर). शिखर १३० किमीला, तिथे घन सेंटिमीटरमागे दीड लाख इलेक्ट्रॉन, स्केल हाइट १० किमी. १५० किमीला ८५ हजारांच्या आसपास आकडा यायला हवा. नाही आला तर कंस तपासा, गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

आता खरी गंमत. आयन इलेक्ट्रॉन गिळतात तो दर इलेक्ट्रॉनांच्या तापमानावर ठरतो: २.४ × १०^−७ × (३००/तापमान)^०.७. ३०० केल्विनला शिखरावरचा इलेक्ट्रॉन जेमतेम २८ सेकंद टिकतो, म्हणजे कळव्याला लोकल थांबते तेवढाच. इलेक्ट्रॉन तापले की गिळण्याचा वेग मंदावतो आणि घनता वाढते. तापमान दुप्पट, तर घनता २७ टक्के जास्त. म्हणून सगळीकडे ३०० केल्विन ठोकून चालत नाही.

उंचीनुसार तापमान काढायला ऊर्जेचं समीकरण लगेच सोडवत बसू नका. नासाने मंगळाकडे पाठवलेल्या मॅव्हेन यानाच्या मोजमापांना टॅन्ह वक्र (एक्सेलमधलं TANH, एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर अलगद चढणारा) छान बसतो: खाली सुमारे ५००, वर ३,१०० केल्विन, मध्य २४० किमीला, रुंदी ६० किमी. १८० किमीला ८१० केल्विन येतात आणि घनता ३०० केल्विनच्या हिशेबापेक्षा ४२ टक्क्यांनी चढते.

हे जमलं की मगच पायथन. तिथे ऊर्जेचं समीकरण घ्या: फोटोइलेक्ट्रॉनांची (अतिनील किरणांनी सुटे केलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांची) उष्णता, कार्बन डायऑक्साइडशी टकरांतून होणारी थंडाई, शिवाय उष्णतेचं वहन. वहन तापमानाच्या अडीचाव्या घाताने वाढतं, त्यामुळे एक्सप्लिसिट पद्धतीत (पुढचा आकडा फक्त आधीच्या आकड्यांवरून काढायचा) वेळेची पायरी फार बारीक ठेवावी लागते. सरळ इम्प्लिसिट वापरा, म्हणजे पुढचे सगळे आकडे एकत्र सोडवा. घनता काढा, तापमान काढा, पुन्हा घनता. दर फेरीला बदल निम्माच लावा, नाहीतर आकडे खालीवर उड्या मारत राहतात.

आणि २०० किमीला थांबा. त्यावर इलेक्ट्रॉन वाहून जाण्याचा हिशेब धरावाच लागतो. तिथला आलेख कितीही देखणा आला तरी रिपोर्टात चिकटवू नका. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.