ओले तळहात कोरडे कसे करायचे

पेपर लिहिताना हाताखाली रुमाल धरावा लागतो, मोबाइलला अंगठा ओळखता येत नाही, दुचाकीची मूठ बुळबुळीत होते. तळहाताला असा घाम सुटत असेल तर दोष उकाड्याचा नसतो. घामाच्या ग्रंथी तळहात आणि तळपायांवर सगळ्यात दाट असतात आणि तिथल्या ग्रंथी उन्हापेक्षा मनावरच्या ताणाला जास्त दाद देतात. या त्रासात ग्रंथी ठणठणीत असतात, त्यांना हुकूम सोडणाऱ्या नसा मात्र अतिउत्साही असतात. त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नकोस’ या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही. उलट घाम येईल या धास्तीनेच तो आणखी सुटतो.

आधी एवढं तपासा. दोन्ही हातांना सारखाच घाम येतो का? झोप लागली की थांबतो का? पंचविशीच्या आत सुरू झालाय का, घरात आणखी कुणाला आहे का? सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ हे चालू असेल आणि बहुतेक उत्तरं ‘हो’ असतील, तर पुढचे उपाय तुमच्यासाठी आहेत. घाम अंगभर येत असेल, रात्री अंथरूण भिजत असेल, हे नव्यानेच सुरू झालं असेल, सोबत ताप, घटणारं वजन किंवा छातीत धडधड असेल, तर आधी डॉक्टर. थायरॉइड, क्षयरोग, पाळी जाण्याचा काळ, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांपैकी काहीही मागे असू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक गार घाम आणि थरथर सुटली तर लगेच साखर तपासावी, ती उतरलेली असू शकते.

घाम नेमका कुठून येतो हे डोळ्यांनी पाहता येतं. हात धुऊन खडखडीत पुसा, तळहाताला बीटाडीनचा पातळ हात फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि वरून चहाच्या गाळणीने कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा. काही मिनिटांत घामाच्या जागी निळे-काळे ठिपके उमटतात. बीटाडीनमधलं आयोडिन आणि कॉर्नफ्लॉवरमधला स्टार्च घामाच्या पाण्यात भेटले की हा रंग येतो. फोटो काढून ठेवा, महिन्याभराने उपचाराचा फरक त्याच्याशी ताडून बघता येईल. आयोडिनची अॅलर्जी असेल तर हा प्रयोग नको.

पहिला उपाय म्हणजे अॅल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेटचं द्रावण. काखेसाठी साधारण 15 ते 20 टक्के, तळहाताच्या जाड कातडीला त्वचारोगतज्ज्ञ 30 टक्क्यांपर्यंतही देतात. हे डिओ नव्हे. डिओ वास झाकतो, घाम थांबवत नाही. न्हाव्याकडची तुरटीही अॅल्युमिनियमचीच, पण तिचा जोर इथे पुरत नाही. द्रावणातलं अॅल्युमिनियम घामनळीच्या तोंडाशी बूच बसवतं, आणि ते बूच नीट बसायला नळी कोरडी हवी. म्हणून ते रात्रीच लावायचं.

झोपण्यापूर्वी हात धुवा, पुसा, पंख्याखाली किंवा ड्रायरच्या गार झोतात पाच-दहा मिनिटं सुकवा. पातळ थर लावा, वाळू द्या आणि झोपा. सकाळी धुऊन टाका. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: ओलसर हातावर लावलं की द्रावणातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, कातडी चुरचुरते, लाल होते आणि बाटली कपाटात जाते. काखेत लावणार असाल तर दाढी केल्यावर एक-दोन दिवस थांबा. लाली आली तर दोन-तीन रात्री सुट्टी द्या, डॉक्टरांना विचारून 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीम लावता येतं. पहिला आठवडा-दोन आठवडे रोज रात्री, मग फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. चार दिवसांत निकाल मागू नका.

तळहातांवर एवढ्याने भागलं नाही तर आयंटोफोरेसिस. दोन उथळ तबकांत पाणी, त्यात एकेक हात, आणि यंत्रातून सौम्य विद्युतप्रवाह: तळहाताला साधारण 15 ते 20 मिलिअँपिअर, 20 ते 30 मिनिटं, आठवड्यातून तीनदा. सहा ते दहा बैठकांनंतर हात कोरडे वाटू लागतात, पुढे आठवड्याला एक बैठक पुरते. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पाणी तळहात बुडेल एवढंच घ्या. झटका टोचतो तो पाण्याच्या काठाशी, म्हणून तिथे आणि कुठे चिरलं असेल तिथे व्हॅसलिन लावा. प्रवाह हळूहळू वाढवा, अर्ध्या वेळेला ध्रुव (प्लस-मायनस) बदला, आणि शून्यावर आणल्याशिवाय हात बाहेर काढू नका.

आरओचं पाणी इथे चालत नाही. त्यात क्षार इतके कमी असतात की प्रवाहच नीट वाहत नाही. नळाचं घ्या, तेही फार मऊ असेल तर चमचाभर खायचा सोडा टाका. पेसमेकर, शरीरात धातूचं रोपण, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे यंत्र वापरायचं नाही. आणि चार्जर, बॅटरी जोडून घरगुती जुगाड तर मुळीच नको.

तळपायांना हेच उपाय चालतात, पण चपला-बुटांची शिस्त हवी. एकच जोड सलग दोन दिवस घालू नका, आतून सुकायला त्याला दिवस लागतो. टाचेवर बारीक खड्डे आणि उग्र वास दिसला तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. त्याला अँटिबायोटिक मलम लागतं, पावडर थापून तो जात नाही.

ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या घाम अंगभर कमी करतात, म्हणून तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. विदर्भातल्या मे महिन्यात या गोळ्या घेऊन उन्हात काम करणं धोक्याचं, कारण घामाशिवाय अंग थंड होत नाही आणि उष्माघात लवकर गाठतो. बोटॉक्सची इंजेक्शनं काखेत छान चालतात, असर काही महिने टिकतो. तळहातावर मात्र सुया फार दुखतात आणि पकड काही काळ ढिली पडू शकते. छातीतली नस कापण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी. हात कोरडे होतात, पण पाठ, पोट, मांड्यांवर नवा घाम फुटण्याची शक्यता बरीच असते, आणि कापलेली नस पूर्ववत होईल याची खात्री नसते.