मृगाआधी सोडवा गंजलेले बोल्ट आणि जाम इंजिन

रोहिणी नक्षत्र तोंडावर आलंय. पेरणी यंत्र, वखर आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन या आठवड्यातच बाहेर काढून बघा. ऐन वापशावर पेरणी यंत्राचा गंजलेला बोल्ट मी पान्याला पाइप लावून ओढला होता. तो मुळातून मोडला आणि दोन दिवस वेल्डिंगवाल्याच्या दारात गेले. तेव्हापासून गंज सोडवायचं माझं तेल मे महिन्यातच तयार असतं.

लोखंड गंजलं की फुगतं आणि आट्यांत घट्ट बसतं. तिथं ग्रीस पोचत नाही, अगदी पातळ तेलच झिरपतं. अ‍ॅसिटोन आणि एटीएफ (बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल) निम्मं-निम्मं घ्या. अ‍ॅसिटोन तेलाला आत नेतं आणि स्वतः उडून जातं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी डबी हलवूनच वापरा. पाव लिटर पुष्कळ झालं.

अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखंच पेट घेतं आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरते. काम उघड्यावर करा. जवळ बिडी, चूल, वेल्डिंग काहीही नको. ते रंग, रबरी सील आणि बरंचसं प्लास्टिक खातं, तेव्हा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको, घरात लेकरं असतात.

आटे तारेच्या ब्रशने घासा, तेल सोडा, हातोडीने नटावर हलके ठोके द्या. सकाळ-संध्याकाळ दोन दिवस असंच करा. आट्यांतून तपकिरी पाणी पाझरायला लागलं की तेल आत पोचलं. आता रिंग पाना लावा. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलटा.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये मात्र मी अ‍ॅसिटोन घालत नाही. बंद जागेत त्याची वाफ कोंडते. तिथं डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं पुरतं. उभ्या सिलिंडरचं नोझल (डिझेल आत फवारतं ते) काढून अर्धी वाटी सोडा आणि तीन-चार दिवस राहू द्या. मग फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हाताने पुढे-मागे डोलवा. पहिल्यांदा ते सूतभरच हलेल. तिथंच थांबा, अजून थोडं तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा डोलवा. कधीकधी आठवडा लागतो. ट्रॅक्टरला पट्टा लावून ओढू नका. पिस्टनच्या रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन मोकळं झालं तरी लगेच सुरू करू नका. तेल दाबलं जात नाही. पिस्टनवर साचून राहिलं तर रॉड वाकवतं. नोझल बाहेरच ठेवून, भोकावर फडकं टाकून आणि तोंड बाजूला धरून हँडलने दहा-पंधरा फेरे द्या. रिंगांमधून डिझेल खालच्या ऑइलमध्ये उतरलेलं असतं, तेव्हा ते सगळं ऑइल काढून नवं भरा आणि मगच नोझल बसवा.