स्कूटरची किक जाम होऊ नये म्हणून काय करायचं, आणि झालीच तर कशी खोलायची

सेल्फ स्टार्ट असलेल्या स्कूटरची किक वापरून खराब होत नाही, न वापरून खराब होते. गाडी घेतल्यापासून बटण दाबायची सवय लागते, किक तशीच दुमडलेली राहते, तिच्यावर दोन पावसाळे जातात, आणि मग थंडीतल्या एखाद्या सकाळी बॅटरी मान टाकते आणि आपण किकवर पाय ठेवतो तर ती एकतर दगडासारखी घट्ट किंवा भसकन खाली जाणारी, इंजिनला काही लागतच नाही. तेव्हा गॅरेज शोधत गाडी ढकलण्यापेक्षा आधीच थोडं लक्ष दिलेलं बरं. इथे मी मुख्यतः बिनगिअरच्या, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या स्कूटरबद्दल लिहितोय, ॲक्टिव्हा, ॲक्सेस, ज्युपिटर या जातीच्या, ज्यांची किक डाव्या बाजूला असते. काही नव्या मॉडेलना किक दिलेलीच नाही, त्यांचा प्रश्नच मिटला.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, कारण ते कळलं की निम्मे बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखता येतात. किकचा दांडा ज्या शाफ्टवर बसतो तो शाफ्ट डाव्या बाजूच्या मोठ्या कव्हरमधून आत जातो. आत त्याच्यावर अर्धवट गोलाचा, तिरक्या दात्यांचा एक गिअर असतो आणि दांडा परत वर आणणारी जाड स्प्रिंग असते. हा गिअर दुसऱ्या एका छोट्या गिअरला फिरवतो, त्याचेही दाते तिरकेच. या छोट्या गिअरला तारेची एक क्लिप कमरेला धरल्यासारखी धरून ठेवते, त्यामुळे किक दाबली की तो लगेच गरगर फिरत नाही, आधी इंजिनच्या दिशेने सरकतो, तिथे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या शाफ्टच्या) टोकाला असलेल्या रॅचेटच्या, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणाऱ्या, दात्यांत जाऊन अडकतो आणि मग इंजिन फिरवतो. इंजिन सुरू झालं की क्रँक त्याच्यापेक्षा जोरात पळते, रॅचेटचे दाते उताराचे असल्यामुळे त्याला मागे ढकलून देतात, आणि पाय काढल्यावर तो आपल्या जागी जातो. सगळा खेळ या छोट्या गिअरच्या सरकण्यावर आहे. ग्रीस वाळलं, धूळ बसली, क्लिप ढिली पडली की सरकणं बंद आणि किक बिनकामाची.

आता रोजच्या वापरातलं. आठवड्यातून एकदा तरी सकाळची पहिली स्टार्ट किकने करा. बॅटरी चांगली असली तरी करा. या गाड्यांची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी बहुतेकांत ३ ते ५ अँपिअर-तासाचीच असते, म्हणजे लहानच, गार इंजिन फिरवताना तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, तोही वाचतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, साइड स्टँडवर तिरकी उभी असताना किक मारू नका, गाडी अंगावर येते किंवा दांडा वेडावाकडा दाबला जाऊन शाफ्टच्या बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीवर) जोर पडतो. चावी ऑन, डाव्या बाजूला उभं राहून ब्रेक धरा, ॲक्सिलरेटर सोडलेला. मेन स्टँडवर मागचं चाक हवेत असतं, ॲक्सिलरेटर पिळून ठेवलात तर सुरू झाल्या झाल्या चाक भन्नाट फिरतं, लहान मुलं आसपास असतात, तेवढं सांभाळा.

दांडा आधी हळू दाबा. थोडं खाली गेल्यावर जड लागेल, म्हणजे आतले दाते अडकले आणि इंजिनचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) लागलं. तिथून एकदाच, न थांबता, शेवटपर्यंत दाबायचं. वरूनच धाडकन लाथ घातली तर छोटा गिअर पूर्ण सरकायच्या आतच दात्यांच्या कडांवर जोर येतो आणि त्या कडा गोल होत जातात, पुढे कायमची घसरणारी किक मिळते. अर्धवट किक त्याहून वाईट, इंजिन उलटा झटका मारतं आणि दांडा घोट्यावर किंवा नडगीवर येतो. म्हणून पायात बूट हवा, निदान मागे पट्टा असलेली चप्पल, आणि दांड्यावर तळव्याचा मधला भाग ठेवा, बोटं नाहीत. खाली गेलेला दांडा पायाच्या आधारानेच वर येऊ द्या. पाय झटकन काढला की तो स्प्रिंगच्या जोराने स्टॉपरवर आपटतो, रोज आपटून आपटून स्प्रिंगची टोकं आणि स्टॉपर दोन्ही मार खातात. आणि इंजिन चालू असताना किक दाबायची नाही, कुणी गंमत म्हणून दाबली तर तो खर्रर्र आवाज रॅचेटचाच असतो.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर गार असताना चोक ओढा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या मात्र बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांचं गणित वेगळं. चावी फिरवल्यावर पेट्रोलचा पंप एक-दोन सेकंद घूं असा आवाज करतो, तो थांबू द्या आणि मग किक मारा. बॅटरी कमजोर असेल, म्हणजे सेल्फ फिरवायला ताकद नाही पण दिवे लागतायत, तर किकने काम होतं. पण चावी ऑन करून मीटरवर काहीच उजळत नसेल तर किका मारून पाय दुखवण्यात अर्थ नाही, पंपाला आणि ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) करंटच नाही तर पेट्रोल आत जाणार कसं. अशा वेळी आधी फ्यूज बघा, मग बॅटरी. किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) असेल तर तोही बघा, आणि काही मॉडेलमध्ये साइड स्टँड खाली असला की इंजिन सुरूच होत नाही. किकला दोष द्यायच्या आधी हे बघून घ्या.

देखभाल म्हणाल तर तीन जागा आहेत. पहिली, दांड्याचा दुमडणारा भाग. त्याच्या सांध्यात चिखल बसतो आणि तो एकतर उघडत नाही किंवा ढिला पडून चालत्या गाडीत आपोआप बाहेर येतो. फडक्याने पुसा, जुन्या टूथब्रशने घासा, तेलाचा एक थेंब टाका, दहा वेळा उघडझाप करा. दुसरी, दांडा शाफ्टवर आवळणारा बोल्ट. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो, काहींना १२. महिन्यातून एकदा नुसता पाना लावून बघा ढिला आहे का. हा बोल्ट ढिला राहिला की दांड्याच्या आतले बारीक दाते शाफ्टवर घासून गुळगुळीत होतात, मग कितीही आवळा, दांडा फिरतो आणि शाफ्ट जागचा हलत नाही. असं झालं की रस्त्यावरचा कुणी सांगेल, वेल्डिंग मारून टाकू. अजिबात मारू देऊ नका! वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टचा बुश आणि सील जळतं, आणि दांडा निघायचाच बंद झाल्यावर शाफ्ट कव्हरमधून काढणार कसा? पुढे आतली साधी स्प्रिंग तुटली तरी दांडा कापायची वेळ येते. दांडा स्वस्त असतो, आधी तो नवीन टाकून बघा, शाफ्टचे दाते शाबूत असतील तर तेवढ्यावर भागतं.

तिसरी जागा म्हणजे शाफ्ट कव्हरमध्ये शिरतो ती फट. कोकणात किंवा मुंबईत समुद्राच्या जवळ राहत असाल तर इथे गंज फार लवकर धरतो, आणि पावसाळ्यात मागून उडणारा चिखल सगळीकडेच इथे येऊन बसतो. धुताना प्रेशरचा पाइप थेट या फटीवर मारू नका. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दांडा काढून शाफ्टचं बाहेरचं टोक पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवा. दांडा काढताना तो बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो शाफ्टवरच्या खाचेतून गेलेला असतो, हे माहीत नसलं की लोक हातोडीने ठोकत बसतात. आणि काढायच्या आधी दांडा कोणत्या कोनात आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, एक दाता इकडेतिकडे बसला तरी दांडा बॉडीला टेकतो किंवा खाली जाताना अडतो. गंज सोडवणारा स्प्रे या फटीत भसाभस मारू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो आणि वाहत बेल्टपर्यंत गेला तर बेल्ट घसरायला लागतो.

एवढं करूनही किक बिघडली तर लक्षणावरून कारण काढता येतं. दांडा भसकन खाली जातो, इंजिन फिरत नाही, पण परत वर येतो: छोटा गिअर सरकत नाहीये, म्हणजे वाळलेलं ग्रीस किंवा ढिली क्लिप. मध्येच अडकून कट्‌ असा आवाज करत सुटतो: रॅचेटचे दाते झिजलेत. खाली जातो पण वर येत नाही: स्प्रिंग तुटलीय किंवा शाफ्ट बुशमध्ये गंजून जाम आहे, हाताने वर उचलून बघा, सहज उचलला तर स्प्रिंग, जोर लागला तर गंज. गाडी सुरू झाल्यावर डावीकडून बारीक करकर चालूच राहते: गिअर पूर्ण मागे जात नाहीये, अशी गाडी फार चालवू नका, दाते खातील. आणि दांडा थोडासा जाऊन भिंतीला लागल्यासारखा थांबतो, सेल्फनेही इंजिन फिरत नाही, तर मामला किकचा नाही, इंजिन जाम झालेलं असू शकतं, उगाच उड्या मारून दांडा वाकवू नका.

कव्हर खोलायचं असेल तर इंजिन पूर्ण गार हवं आणि चावी काढलेली. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर कव्हरचा आकार काढा, आणि जो बोल्ट जिथून निघेल तिथे पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचा, कारण हे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर आतले ॲल्युमिनियमचे आटे जातात. बोल्टना बहुधा ८ चा पाना लागतो. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा आडवा येतो, तो ढिला करून वर उचलावा लागतो, मागच्या ब्रेकची केबल कव्हरला क्लिपने धरलेली असेल तर ती सोडवा. कव्हर चिकटलं असेल तर लाकडाच्या तुकड्याने कडेला हलके ठोका, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, गॅस्केट (मधला पातळ पॅकिंगचा थर) फाटतं आणि कव्हरच्या तोंडाला ओरखडे पडतात.

आत काळी धूळ असेल, ती बेल्टची. तोंडाला रुमाल बांधा, कोरड्या ब्रशने झाडा. बेल्टला आणि पुलीला रॉकेल, तेल काही लावायचं नाही. उघडलंच आहे तर बेल्टला चिरा आहेत का तेही बघून घ्या, खरं तर किकचं काम बेल्ट बदलायच्या वेळीच करून घेतलं तर दोनदा खोलायची मेहनत वाचते. आता दांडा हाताने हळू दाबा, छोटा गिअर फिरत फिरत बाहेर येईल, तो क्लिपसकट काढून घ्या. क्लिप कव्हरच्या कोणत्या खाचेत बसली होती त्याचा फोटो घ्या, हीच गोष्ट परत लावताना चुकते. मोठा शाफ्ट काढायचा तर बाहेरून दांडा, सर्क्लिप (खाचेत बसणारी अडवणारी रिंग) आणि वॉशर काढून स्प्रिंगचं टोक पकडीने सोडवावं लागतं, त्या स्प्रिंगमध्ये चांगलाच ताण असतो, ती सुटून हातावर बसते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि पकड घट्ट. खात्री नसेल तर शाफ्टला हात न लावता नुसता छोटा गिअर साफ केलात तरी बऱ्याच गाड्यांचं काम भागतं.

सुटलेले भाग रॉकेलमध्ये धुऊन कोरडे करा आणि उजेडात बघा. रॅचेटच्या दात्यांच्या कडा धारदार हव्यात, गोल झाल्या असतील तर गिअर बदला आणि क्रँककडचे समोरचे दातेही तपासा, कारण एक नवा आणि एक झिजलेला अशी जोडी टिकत नाही. क्रँककडचा भाग मोठ्या नटाखाली असतो, त्याला पुली धरायचं हत्यार आणि ठरावीक टॉर्क लागतो, ते मेकॅनिककडून करून घ्या. क्लिप गिअरवर बोटाने फिरवून बघा, घट्ट फिरायला हवी, सैल गिरकी घेत असेल तर नवीन टाका, अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे.

ग्रीस लिथियमचं किंवा मोलीचं (मॉलिब्डेनमचं) चालतं. शाफ्टला, बुशला आणि छोट्या गिअरच्या दांडीला पातळ थर, बोटाने पसरून जादाचं पुसून टाका. इथे हात सैल सोडायचा नाही, कारण समोरच पुली फिरते आणि जादाचं ग्रीस उडून बेल्टवर जातं. सगळं बसवल्यावर कव्हर लावायच्या आधी हातात धरूनच दांडा दाबून बघा: गिअर बाहेर यायला हवा आणि सोडल्यावर पूर्ण आत जायला हवा. जात नसेल तर क्लिप चुकीच्या खाचेत आहे, तसंच लावू नका. मग दोन्ही डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या पिना) आणि गॅस्केट जागेवर बघून कव्हर बसवा, बोल्ट आधी सगळे हाताने, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. हे ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला पुरतात, लांब पान्याने जोर काढू नका.

जुनी चेतक, एलएमएल असल्या गिअरच्या स्कूटरला यातलं फारसं लागू नाही. तिथे किक उजवीकडे, आतलं सगळं गिअर ऑइलमध्ये बुडालेलं, त्यामुळे ग्रीसचा प्रश्न नाही, पण शाफ्टच्या सीलमधून ऑइल गळतं का ते बघत राहायचं आणि किक घसरायला लागली तर क्लच प्लेटही तपासायच्या, कारण त्या गाड्यांत किकचा जोर क्लचमधून जातो.

आणि सेकंडहँड स्कूटर घ्यायला गेलात तर मालकाला सेल्फ मारू देऊ नका. जायच्या आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका, आणि तिथे पोचल्यावर स्वतः किक मारून बघा: दांडा वेल्डिंग केलेला आहे का, परत वर येतो का, दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी सुरू होते का. किक चालत नसेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागा.