टेक्ससची थंडी: सामान भरायला कॉस्टकोला पळण्याआधी गल्लीतली माणसं जमवा

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडे नवीन आलेल्या मंडळींसाठी लिहितेय, कारण दर जानेवारीत कोणीतरी विचारतंच की इथे कसली आलीय थंडी, एवढी तयारी कशाला. एसीवर जगणारं राज्य आहे हे मान्य, पण २०२१ च्या फेब्रुवारीत डॅलस विमानतळावर पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला होता, राज्यात जवळपास ४५ लाख घरं आणि दुकानं अंधारात होती आणि सरकारी आकडा २४६ मृत्यूंचा आहे. त्याआधी २०११ मध्येही थंडीत लाइट गेलेली, तेव्हा वीज प्लांट थंडीसाठी तयार करा म्हणून सांगून झालं होतं, पण सक्ती नव्हती मग कोण करतंय. आता कायदा आहे, सुधारणा पण झालीय. तरी इथली ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकी अमेरिकेपासून जवळपास वेगळीच, अडचणीत शेजारच्या राज्यांकडून फार वीज ओढता येत नाही, हे डोक्यात ठेवा.

आपल्याला लोडशेडिंग म्हटलं की टाइमटेबल आठवतं, दोन तास गेली की येणार. २०२१ मध्ये इथेही प्लॅन तोच होता, पण तुटवडा एवढा मोठा होता की हॉस्पिटल, फायर स्टेशनच्या लायनी वगळल्यावर आलटून पालटून लाइट द्यायला काही उरलंच नाही. म्हणजे एका गल्लीत दोन-दोन तीन-तीन दिवस अंधार आणि रस्त्याच्या पलीकडे टीव्ही चालू! म्हणून माझ्या मते तयारीचं पहिलं काम पाण्याच्या बाटल्या नाही, माणसं.

डिसेंबरमध्येच चालत जाता येईल एवढ्या अंतरातल्या पाच-सहा घरांचा छोटा ग्रुप करा. मंडळाचा मोठा ग्रुप गणपतीला ठीक आहे हो, पण रस्त्यावर बर्फाची काच झाली की डॅलसच्या एका उपनगरातून दुसऱ्यात, फ्रिस्कोहून अर्विंगला, कोणी येऊ शकत नाही आणि येऊही नये. २०२१ मध्येच फोर्ट वर्थच्या हायवेवर १३३ गाड्या एकमेकांवर आदळून ६ जण गेले, ते वादळाच्या आधीच, नुसत्या ओल्या रस्त्यावर बर्फ धरल्यामुळे. ग्रुपवर आधीच लिहून ठेवा: गॅसची शेगडी कोणाकडे, फायरप्लेस कोणाकडे, तान्हं बाळ कुठे, कोणाचे आईबाबा भारतातून आलेत. आणि लाइट गेली तर कोण कोणाकडे जाणार हे तेव्हाच ठरवून टाका, कारण ऐनवेळी आपण लोक संकोचतो, "त्यांना कशाला त्रास" करत रात्रभर कुडकुडत बसतो. ग्रुप फक्त मराठी नको. शेजारी एकटे राहणारे आजोबा असतील तर त्यांना घ्याच, घराचं पाणी बंद करायचा मेन व्हॉल्व्ह कुठे असतो ते त्यांनाच माहीत असतं.

तर व्हॉल्व्ह. इथल्या बऱ्याच घरांत पाण्याचे पाइप अ‍ॅटिकमधून, म्हणजे छपराखालच्या माळ्यातून जातात, पाइप फुटला की सीलिंगच खाली येतं. मेन व्हॉल्व्ह बहुतेक अंगणात रस्त्याकडेला मीटरच्या डब्यात असतो, तो फिरवायची चावी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आत्ताच घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा बंद-चालू करून दाखवा. बाहेरच्या नळाची रबरी नळी (होज) काढा, नळाला फोमचं कव्हर लावा. थंडीच्या रात्री बाहेरच्या भिंतीकडचे नळ बारीक धारेने सोडून ठेवायचे, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायची. लाइट जाऊन घर गार पडत चाललंय असं दिसलं तर सरळ मेन बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा. पण त्याआधी बाथटब भरून घ्या, फ्लशला लागतं. प्यायला माणशी दिवसाला ४ लिटर धरा. टाकीवाला वॉटर हीटर असेल तर त्याच्यातही पाणी असतंच, टँकलेस, म्हणजे बिनटाकीच्या हीटरवाल्यांनी मात्र सावध राहावं, त्याचं गोठण्यापासून संरक्षण विजेवरच चालतं.

"आमचं हीटिंग गॅसवर आहे" म्हणून निवांत राहू नका, गरम हवा ढकलणारा पंखा विजेवरचाच असतो, लाइट गेली की तोही गप्प. मग एकच खोली धरा, शक्यतो छोटी, दाराखाली टॉवेल, खिडकीला जाड चादर, सगळ्यांनी तिथेच झोपायचं. आईने बॅगेत कोंबून पाठवलेली गोधडी आपण हसत ठेवून देतो ना, ती काढा.

आता खरा जीवघेणा प्रकार. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह घरात पेटवायचा नाही, गॅरेजमध्येही नाही, "दार जरा उघडं ठेवलंय" असलं तरी नाही. गॅसच्या ओव्हनवर खोली तापवायची नाही. गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून फोन चार्ज करायचा नाही, गाडी उघड्यावर आणा आणि सायलेन्सरपाशी बर्फ नाही ना ते बघा. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, २०२१ मध्ये थंडीपासून वाचायला धडपडणारी माणसं यानेच दगावली. बॅटरीवाला अलार्म घ्या, स्वस्त असतो.

आईबाबा आले असतील तर बीपी-शुगरच्या गोळ्या दोन आठवडे पुरतील एवढ्या हाताशी ठेवा. म्हातारं माणूस कुडकुडायचं थांबलं, बोलणं जड झालं, झोपाळल्यासारखं वाटलं तर बरं वाटतंय असं समजू नका, ९११ लावा. ऑक्सिजन किंवा तसं मशीन असेल तर वीज कंपनीकडे डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म आधीच भरून ठेवा. लाइट चालू राहीलच अशी गॅरंटी त्याने मिळत नाही, म्हणून मशीनला बॅटरी बॅकअप पण हवाच. जवळचं उबदार केंद्र विचारायला २११ नंबर.

खाण्याचं फार टेन्शन नको, चिवडा, लाडू, पीनट बटर असलं न शिजवता चालणारं ठेवा, फ्रीज उगाच उघडू नका.

लाइट आल्यावर लगेच व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा नाही. आधी थोडा सोडा, एकाने मीटरपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने घरभर फिरून भिंतीत सूं-सूं आवाज येतोय का ते ऐकायचं, कारण फुटलेला पाइप बर्फ वितळल्यावरच गळतो. गळलं तर बंद करा, फोटो काढा, इन्शुरन्सला कळवा, आणि प्लंबरची वाट बघताना ग्रुपवर विचारा, सगळ्यांची घरं मिळून एकच प्लंबर लवकर येतो. शहराने पाणी उकळून प्या सांगितलं असेल तर खळखळ उकळी आल्यावर पूर्ण १ मिनिट, आणि दात घासायलाही तेच पाणी.