गोव्याच्या उकाड्यात घरचा फ्रेंच ब्रेड

मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट. फ्रेंच ब्रेडला एवढंच लागतं. दूध, लोणी, अंडं, साखर काही नाही. फ्रान्समध्ये 1993 सालच्या सरकारी आदेशाने 'पारंपरिक फ्रेंच पाव' म्हणून विकायच्या पावात याहून फारसं काही घालायची मुभाच ठेवलेली नाही. सामान इतकं मोजकं असलं की चूक लपत नाही. आणि गोव्यात ती चूक बहुतेक वेळा एकच असते: कृतीत छापलेली वेळ जशीच्या तशी पाळली जाते. त्या कृती वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या असतात. म्हापशात किंवा फोंड्यात मे महिन्यात ओट्यापाशी सहज 31-32 अंश असतात. पीठ आठ-दहा अंशांनी गरम असलं की यीस्टचं काम जवळपास दुप्पट वेगाने चालतं. तेव्हा खालच्या वेळा अंदाज म्हणून घ्या आणि डोळा पिठावर ठेवा.

सामान

दोन लांबट पावांसाठी:

- मैदा 500 ग्रॅम
- पाणी 325 ग्रॅम
- बारीक मीठ 10 ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट 3 ग्रॅम (सपाट एक टीस्पून)
- ओट्यावर आणि कापडावर भुरभुरायला तांदळाचं पीठ

वाटीने मोजू नका. दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत मैद्याचा फरक एवढा पडतो की पुढचं सगळं गणित बिघडतं. एकेका ग्रॅमचा फरकही बिनचूक दाखवणारा साधा डिजिटल काटा या कामात ओव्हनपेक्षा महत्त्वाचा आहे.

मैद्याच्या पाकिटामागे प्रथिनांचा आकडा बघा. 100 ग्रॅमला 10.5 ते 11 ग्रॅम किंवा जास्त असेल तर उत्तम. 9 च्या आसपासचा मैदा केकला आणि शंकरपाळ्यांना चांगला. ब्रेडमध्ये तो वायू धरून ठेवू शकत नाही आणि पाव आडवा पसरतो. असाच मैदा हाताशी असेल तर पाणी 300 ग्रॅमवर आणा. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून जून ते सप्टेंबर पाण्यातले 15 ग्रॅम बाजूला ठेवून शेवटी गरज पाहूनच घाला.

यीस्टचं पाकीट एकदा फोडलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये. दमट हवेत मांडणीवर राहिलेलं यीस्ट काही आठवड्यांत मंदावतं. शंका असेल तर अर्धा टीस्पून यीस्ट चिमूटभर साखर घातलेल्या कोमट पाण्यात टाका. दहा मिनिटांत फेस वर आला नाही तर ते टाकून द्या. 'ॲक्टिव्ह ड्राय' प्रकारचं असेल तर 4 ग्रॅम घ्या आणि आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा.

पाणी किती गार

मळून झालेलं पीठ 26 अंशांच्या आसपास हवं. बेकरीवाले त्यासाठी सोपा हिशेब करतात: 26 गुणिले 3, म्हणजे 78. त्यातून खोलीचं तापमान आणि मैद्याचं तापमान वजा करायचं. उरेल ते पाण्याचं तापमान. खोली 31, मैदाही डब्यात तेवढाच, तर उरले 16. फ्रीजमधलं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की साधारण तिथेच पोहोचतं. मशीनने मळत असाल तर घर्षणाने पीठ तापतं, तेव्हा आणखी आठ-दहा अंश कमी धरा, म्हणजे सरळ फ्रीजचं पाणी. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी खोली 24 अंशांवर असली तर हाच हिशेब 30 सांगतो. तेव्हा नळाचं पाणी किंचित कोमट करा.

"यीस्टला कोमट पाणी लागतंच" हा सल्ला आपल्याकडे वर्षाचे नऊ-दहा महिने नुकसानच करतो.

मळणं

मैदा आणि यीस्ट कोरडंच एकत्र करा. 310 ग्रॅम पाणी घालून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत नुसतं कालवा, झाका आणि वीस मिनिटं हात लावू नका. मीठ अजून घालायचं नाही. ही विश्रांतीची पद्धत रेमों काल्व्हेल या फ्रेंच बेकिंग शिक्षकाने विसाव्या शतकात रूढ केली. या वीस मिनिटांत मैदा पाणी पितो आणि ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनांची, जाळी आपोआप बांधली जायला लागते, त्यामुळे मळायचे कष्ट निम्मे होतात. मीठ ती जाळी आवळतं, म्हणून ते मागाहून.

आता मीठ आणि उरलेलं पाणी घालून सहा ते आठ मिनिटं मळा. पीठ चपातीच्या कणकेपेक्षा बरंच सैल असेल आणि सुरुवातीला हाताला, परातीला चिकटेल. इथे मूठभर मैदा घालायचा मोह होतो. घालू नका, हात ओला करा. चार-पाच मिनिटांनी ते स्वतःच परात सोडायला लागतं. लिंबाएवढा गोळा तोडून बोटांनी हळूहळू ताणून बघा: फाटण्याआधी पडद्यासारखा पातळ झाला आणि पलीकडचा उजेड दिसला, की थांबा.

पहिलं फुगणं

सरळ कडांचा पारदर्शक डबा घ्या, आत तेलाचा हात फिरवा, पीठ ठेवा आणि त्याच्या उंचीला डब्याला रबर बँड लावा. गोल पातेल्यात पीठ किती वाढलं याचा अंदाज हमखास चुकतो. अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारही बाजू एकेक करून वर ओढून मध्ये घड्या घाला.

31 अंशांना हे फुगणं सव्वा तासाच्या आत संपतं. एसीच्या खोलीत 25 अंशांना दीड तास आणि वर. पीठ दुपटीला किंचित कमी असतानाच काढा. तेव्हा पृष्ठभाग फुगीर असतो, एक-दोन बुडबुडे दिसतात आणि डबा हलवला की पीठ थरथरतं. मध्ये खड्डा पडला, आंबूस-दारूसारखा वास आला, तर उशीर झाला आहे. अशा पिठातली साखर यीस्टने खाऊन संपवलेली असते, त्यामुळे पाव कितीही वेळ भाजला तरी फिकटच राहतो. पांढुरका पाव निघाला की लोक ओव्हनला दोष देतात. दोष बहुधा या टप्प्यावरचा असतो.

चव हवी असेल आणि घाई नसेल तर रात्रीचा मार्ग सरस. यीस्ट 1.5 ग्रॅमवर आणा, मळून अर्धा तास बाहेर ठेवा, घडी घाला आणि डबा 12 ते 16 तास फ्रीजमध्ये. सकाळी काढून पाऊण तासाने आकार द्या. उकाड्यात पीठ झटपट फुगतं, पण चव यायला जो वेळ लागतो तो त्याला मिळत नाही. फ्रीज तो मिळवून देतो. पावसाळ्यात अचानक वीज गेली तरी हीच युक्ती: डबा उचलून फ्रीजमध्ये, दार सारखं उघडायचं नाही.

आकार

पॅरिसमधला बगेट, म्हणजे काठीसारखा लांब फ्रेंच पाव, 55 ते 65 सेंटिमीटर लांब असतो. घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) तो मावणार नाही, म्हणून 28 सेंटिमीटरचे दोन पाव करायचे, प्रत्येकी साधारण 415 ग्रॅम पिठाचे. तीन बारीक करायचा विचार करू नका. दोन भाजेपर्यंत तिसरा या हवेत फुगून ओसरतो.

ओट्यावर अगदी थोडं पीठ भुरभुरा. दोन्ही भाग सैलसर गुंडाळून झाकून पंधरा मिनिटं ठेवा. मग एक भाग तळहाताने थापटून आयत करा. मोठे बुडबुडे फुटू द्या, बारीक राहू द्या. वरची लांब कड मध्यावर आणून बोटांनी दाबा. आयत फिरवा, दुसरी कड तशीच आणा. आता पुन्हा लांबीतच दुमडा आणि कडेला कड तळहाताच्या टाचेने, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, दाबत बंद करा. बाहेरची कातडी ताठ वाटली पाहिजे. शेवटी दोन्ही हातांनी मधून टोकांकडे लाटत 28 सेंटिमीटर करा. ताण कमी पडला तर पाव वर न जाता बाजूला पसरतो.

जाड सुती पंचाला तांदळाचं पीठ चोळा. मैदा ओल्या पिठात मिसळून चिकटतो, तांदळाचं पीठ कोरडंच राहतं. पंचाच्या चुण्या उभ्या करून त्यांच्या खाचांत दोन्ही पाव, जोड वरच्या बाजूला ठेवून निजवा आणि झाका. याच क्षणी ओव्हन सुरू करा: उपडा जाड ट्रे किंवा लोखंडी तवा खालून दुसऱ्या खाचेत, तळाशी एक लहान धातूचा ट्रे, दोन्ही रॉड चालू, 230 अंश. ओव्हनचा दिवा पंधरा मिनिटांत विझतो, पण तवा खरा तापायला अर्धा तास लागतो. ओटीजी दीड-दोन हजार वॅटचा असतो, तेव्हा 16 अँपियरचाच प्लग वापरा.

दुसरं फुगणं 30 ते 40 मिनिटं. कोरड्या पिठात बुडवलेलं बोट पावात हळूच टोचा: खळगा हळूहळू आणि अर्धवट भरला तर तयार. झटकन भरला तर अजून दहा मिनिटं. भरलाच नाही तर लगेच भाजायला घ्या, चिरा उथळ द्या.

चिरा, वाफ, भाजणं

पाव कागदावर जोड खाली येईल असा उलटा करा. किराणा दुकानात 'बटर पेपर' म्हणून मिळणारे सगळे कागद ओव्हनला चालत नाहीत; पाकिटावर 230 अंश किंवा जास्त लिहिलेलं असेल तोच घ्या. नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून तीन तिरप्या, लांब, अर्धा सेंटिमीटर खोल चिरा द्या. ब्लेड सुरीसारखं उभं धरलं तर चीर नुसती पसरते, तिचा ओठ उचलला जात नाही.

कागदासकट पाव तव्यावर सरकवा. तळच्या ट्रेमध्ये 100 मिलिलिटर उकळतं पाणी ओता आणि दार पटकन लावा. ओतताना काचेवर कोरडं जाड फडकं टाका आणि हातमोजा घाला. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकू शकते. पाणी रॉडवर तर पडताच कामा नये. वाफेमुळे पावाची कातडी पहिली काही मिनिटं ओली, ताणती राहते आणि आतला वायू पाव वर उचलू शकतो. वाफ नसेल तर कातडी आधीच वाळते, मग पाव चिरेतून न उघडता कडेने फुटतो. पंख्याचा ओव्हन किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंखा वाफ बाहेर ढकलतो; तिथे पाण्याऐवजी फॉइलचा खोल ट्रे पावांवर उपडा घाला, पावाला टेकणार नाही असा.

बारा मिनिटांनी पाण्याचा ट्रे किंवा झाकण काढा, 220 अंशांवर आणा आणि आणखी 14 ते 18 मिनिटं भाजा. लहान ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो. वर रंग लवकर चढला तर फक्त खालचा रॉड ठेवा. नुसता सोनेरी रंग पुरे नाही, चिरांच्या कडा गडद तपकिरी हव्यात. आतलं तापमान 96 ते 98 अंश, आणि तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज.

जाळीवर तासभर निवू द्या. गरम कापला तर आतली वाफ निसटते आणि गर चिकट लागतो. पुष्कळदा "कच्चा राहिला" म्हणतात तो पाव नुसता लवकर कापलेला असतो. तासानंतरही चिकट असेल तर मात्र भाजणं खरंच कमी पडलं.

गोव्याच्या हवेत कवच संध्याकाळपर्यंत नरम पडणारच. पोदेराचा, म्हणजे इथल्या पाववाल्याचा, उंडा पावही नरम पडतो. वरून पाण्याचा हात फिरवून 200 अंशांवर पाच मिनिटं ठेवला की पुन्हा करकरीत होतो. कागदी पिशवीत किंवा सुती फडक्यात ठेवा. प्लास्टिकमध्ये तो घामेजतो आणि पावसात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. फ्रीजमध्ये पाव लवकर शिळा होतो, म्हणून उरलेला पाव त्याच दिवशी कापून फ्रीजरमध्ये टाका. काप तसेच गोठलेले तव्यावर भाजता येतात. पातळ भाजीत किंवा रस ऑम्लेटच्या रश्श्यात बुडवायला आदल्या दिवशीचा पाव ताज्यापेक्षा बरा, तो रस्सा पितो आणि विरघळत नाही.